पहिली चार्जिंगची गाडी घेताना...

सध्या आपल्या हॉस्टेलवर मेसच्या भाजीच्या खालोखाल कशाची चर्चा होत असेल, तर ती इलेक्ट्रिक गाड्यांची! कुणाला बाबा घेऊन देणार आहेत, कुणी इंटर्नशिपच्या स्टायपेंडवर डोळा ठेवून आहे, तर कुणी नुसतेच व्हिडिओ बघून तज्ज्ञ झाले आहेत. या चर्चेत प्रश्न मात्र दोनच असतात. "रेंज किती?" आणि "टॉप स्पीड किती?" जो दहा वर्षं गाडी चालवतोय त्याने हे विचारलं तर ठीक. पण ज्याने आजवर ॲक्सिलरेटरला हातच लावलेला नाही, त्याच्यासाठी हे दोन्ही प्रश्न नंतरचे. त्याने आधी विचारायला हवं की गाडी पहिल्या एका मीटरमध्ये कशी वागते. नवशिक्याचे बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

एक सांगून टाकते. माझे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले. टॉर्कला मराठीत कुठलातरी भारदस्त शब्द आहे म्हणे, पण व्हायवात विचारलात तरी तो मला आठवणार नाही. तेव्हा टॉर्कला मी टॉर्कच म्हणणार.

या विषयात मी शिरले ती आमच्या मेसच्या मावशींमुळे. मावशी सात किलोमीटरवरच्या गावातून येतात. साडेपाचला कणीक मळायला घ्यावी लागते, आणि पहिली एसटी सव्वासहाला! इतके दिवस मुलगा सोडायचा, तो आता पुण्याला कंपनीत लागला. बचत गटातून कर्ज काढून बॅटरीची गाडी घ्यायची, असं मावशींनी ठरवलं. वय पंचेचाळीसच्या पुढे, लग्नाआधी शाळेत सायकलवर जायच्या, त्यानंतर हँडल धरलेलं नाही. तालुक्याच्या एका दुकानात त्यांना सांगितलं गेलं, "लायसन नको, पासिंग नको, काही कटकट नाही. आणि स्पीड कमी वाटला तर एक वायर काढून देतो, पंचेचाळीसनं पळंल." मावशी संध्याकाळी ताट वाढता वाढता मला म्हणाल्या, "पोरी, तू इंजिनिअर हायस न्हवं? मग खरं सांग, घिऊ का नगं?"

इंजिनिअर व्हायला अजून तीन सेमिस्टर आहेत, पण प्रश्न आपल्याच सिलॅबसमधला होता. आणि कर्जाचे पैसे मावशींचे होते. म्हणून नीट बसून गणित केलं.

आधी त्या "लायसन नको" चं बघू. हे खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ज्या गाडीच्या मोटरची ३० मिनिटांची पॉवर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आहे, कमाल वेग ताशी २५ कि.मी.पेक्षा कमी आहे आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या वर जात नाही, ती कायद्याच्या लेखी 'मोटार वाहन' धरली जात नाही. म्हणून तिला रजिस्ट्रेशन नाही, लायसन्स नाही. ही सूट मिळण्यासाठी सुद्धा कंपनीला टेस्टिंग एजन्सीकडून (पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक) गाडी तपासून घ्यावी लागते. दुकानात तो कागद मागा. "साहेब, तो कागद कशाला?" असं उत्तर आलं की नमस्कार करून बाहेर पडा.

आणि ती वायर? ती काढली, गाडी पंचेचाळीसने पळाली, की त्याच क्षणी सूट संपली. आता ती बिनपासिंगची, बिनइन्शुरन्सची मोटार गाडी झाली आणि तुम्ही बिनलायसन्सचे चालक. २०२२ साली परिवहन खात्याने महाराष्ट्रात अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमही काढली होती. पण दंड ही त्यातली लहान गोष्ट. उद्या कुणाला धक्का लागला, तर नुकसानभरपाई देणार कोण? मावशी? बचत गट?

शिवाय ब्रेक. ते २५ चा वेग धरून बसवलेले असतात. आता फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. ताशी २५ म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. समोर कुत्रं आलेलं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत नवशिक्याला दीड सेकंद लागतो असं धरू, म्हणजे साडेदहा मीटर तर तसेच गेले. पुढे ५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं डिसिलरेशन मिळालं तर आणखी पावणेपाच मीटर. एकूण पंधरा. हेच ४५ च्या वेगाला काढा, एकूण ३४ मीटर येतात! वेग दुप्पट सुद्धा झाला नाही, पण थांबायला लागणारं अंतर दुपटीच्या वर गेलं. आणि कमी वेगासाठी बसवलेल्या ब्रेकने तेवढं डिसिलरेशन मिळेल हेही मी फारच उदारपणे धरलं आहे.

आमच्या रूमवर यावरून वाद झाला. माझी रूममेट म्हणाली, "अगं पण वायर नाही काढली तर? नवीन माणसाला हळू गाडीच बरी ना?" मुद्दा बरोबर आहे, आणि गावातल्या गावात किंवा कॅम्पसमध्ये फिरायचं असेल तर मी तिच्या बाजूने आहे. पण मावशींच्या सात किलोमीटरमध्ये दीड किलोमीटर हायवे आहे, आणि तिथे त्या वेळेला सर्व्हिस रोडवर उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. सगळी वाहतूक साठने चाललेली असताना मध्येच चोवीसने जाणारी गाडी पहाटेच्या अंधारात मागच्या ट्रकवाल्याला फार उशिरा कळते. त्यात चढ. गाडी, बॅटरी आणि माणूस मिळून १४५ किलो धरा. ५ टक्के चढावर चाकाला साधारण ९० न्यूटन लागतात, आणि २५० वॅटला ९० ने भागलं की सेकंदाला पावणेतीन मीटर, म्हणजे ताशी दहा. मोटर थोडा वेळ रेटिंगपेक्षा जास्त पॉवर देते हे मान्य, पण चढ लांब असेल तर सायकलवाला तुमच्या पुढे जाईल.

तेव्हा माझं मत असं झालं की ज्याच्या वाटेत हायवे आहे त्याने लायसन्सवालीच गाडी घ्यावी, हिरव्या नंबर प्लेटची. पण तिच्यातली सगळ्यात धीमी, सगळ्यात बुटकी आणि हलकी. लर्निंग लायसन्स काढलं की ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, आणि ते तीस दिवस नवशिक्याला हवेच असतात.

आता त्या पहिल्या मीटरकडे येऊ. पेट्रोलच्या स्कूटरमध्ये इंजिन आणि चाक यांच्यामध्ये सेंट्रिफ्युगल क्लच असतो. ॲक्सिलरेटर पिळला की आधी इंजिनचा आवाज चढतो, मग क्लच धरतो, मग गाडी हलते. हा जो अर्ध्या सेकंदाचा उशीर आहे ना, तो नवशिक्याचा खरा मित्र! ११० सीसीच्या स्कूटरचा टॉर्क साधारण ९ न्यूटन-मीटर, आणि तोही पाच-साडेपाच हजार आरपीएमला. इलेक्ट्रिक मोटर मात्र शून्य आरपीएमलाच पूर्ण टॉर्क द्यायला तयार बसलेली असते. ॲथर ४५० एक्स मध्ये तो २६ न्यूटन-मीटर आहे. (दोन्हींचं गिअर रिडक्शन वेगळं, त्यामुळे हे आकडे थेट शेजारी ठेवू नका, नाहीतर मेकॅनिकलवाले मला मारतील.) चाकापाशी काय होतं ते बघा. शून्य ते ४० ला ३.३ सेकंद असा कंपनीचा आकडा आहे. सरासरी काढली तर एका सेकंदात गाडी पावणेदोन मीटर पुढे जाते आणि वेग १२ होतो. आपल्या पार्किंगमध्ये पुढच्या चाकापासून भिंत किती लांब असते, सांगा बरं?

हा आकडा अर्थात सगळ्यात तिखट मोडचा आहे. इको मोडला तीच गाडी बरीच शहाण्यासारखी वागते. म्हणून ट्रायल घेताना इको मोडला टाकून, मोकळ्या जागेत, ॲक्सिलरेटर केसभर फिरवून बघा. गाडी सरपटत निघते की उडी मारते? सरपटत निघाली तर ती नवशिक्याची गाडी. आकडे कितीही सुंदर असोत, उडी मारणारी गाडी आणू नका. गाडी बंद-चालू केल्यावर मोड इकोच राहतो की आपोआप बदलतो, हेही विचारून घ्या.

घाबरलेल्या माणसाचा हात कसा चालतो, ते पण पाहण्यासारखं आहे. गाडी अचानक पुढे जाते, अंग मागे झुकतं, मूठ घट्ट आवळली जाते, मनगट खाली जातं. मनगट खाली गेलं म्हणजे काय झालं? ॲक्सिलरेटर आणखी पिळला गेला! माणूस सोडायचा प्रयत्न करतोय आणि हात उलटंच करतोय. यावर उपाय एकच, ब्रेक दाबला की मोटरची पॉवर तुटली पाहिजे. बहुतेक चांगल्या गाड्यांत ही सोय असते, पण दुकानात समजून घ्या, आणि मागचं चाक उचलून मेन स्टँडवर करून बघा. पहिल्या दिवसापासून दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर ठेवायची सवय लावायची. साइड स्टँड खाली असताना गाडी हलता कामा नये, हेही तपासा.

इथे आवाज नसण्याचा त्रास वेगळाच आहे. पेट्रोलची गाडी चालू आहे हे कानाला कळतं. ही गाडी चालू अवस्थेत गपगुमान उभी असते. मग कुणीतरी पार्किंगमधून काढताना उजव्या मुठीला धरून ओढतो, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. उतरल्यावर, ढकलताना, मुलाला पुढे उभं करताना आधी किल्ली बंद. रस्त्यावर तर वेगाचा अंदाजही आपण नकळत आवाजावरूनच घेत असतो. इथे चाळीसला सुद्धा वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही, म्हणून पहिले काही आठवडे मीटरकडे मुद्दाम बघावं लागतं. आणि पायी चालणाऱ्याला तुम्ही ऐकू येत नाही, हे वेगळंच!

ॲक्सिलरेटर सोडला की गाडी मोटरनेच हळू होते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते, ते रीजन. छान प्रकार आहे, पण अनेक गाड्यांत बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना रीजन नीट चालत नाही, कारण ती वीज ठेवायला जागाच नसते. म्हणजे रात्रभर चार्ज करून सकाळी घाट उतरायला लागलात, तर काल जशी गाडी अडत होती तशी आज अडणार नाही. उताराच्या गावच्या लोकांनी हे लक्षात ठेवावं.

आता माप. कपडे घेताना आपण ट्रायल रूममध्ये अर्धा तास घालवतो आणि लाखाची गाडी फोटो बघून बुक करतो! सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, नुसते चवडे नाही. सीटची उंची बऱ्याच स्कूटरना ७६० ते ७८० मिलिमीटर असते, पण सीट रुंद असेल तर पाय फाकतात आणि तीच उंची जास्त वाटते. म्हणून कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका. वजन बहुतेकींचं १०० ते १३५ किलोच्या मध्ये. गाडी मेन स्टँडवर स्वतः चढवून बघा, सेल्समनला चढवू देऊ नका. रिव्हर्स मोड असेल तर कमी ताकदीच्या माणसाला फार उपयोगी, फक्त तोही पायाने तोल सावरत वापरायचा. मावशी साडीत चालवणार, म्हणून आम्ही पाय ठेवायची जागा सपाट आणि रुंद आहे का, आणि मागच्या चाकाला साडी गार्ड नीट आहे का तेही पाहिलं. (माझे आजोबा सांगतात, जुनी चेतक आडवी करून मग किक मारायचे. २०२० साली तीच चेतक बॅटरीवर परत आली, आता आडवी करायची गरज नाही!)

मुलांच्या हॉस्टेलवरून मोटरसायकलबद्दल विचारणा झाली. २०१९ ला रिव्होल्टची आरव्ही ४०० आली, २०२२ ला पुण्याच्या टॉर्क मोटर्सची क्रॅटोस. दिसायला झकास, पण ज्याला तोलच सांभाळता येत नाही त्याने टाकी मांडीत धरून शिकू नये. सायकलही येत नसेल तर आधी सायकलच शिका. पेडल असिस्टची ई-सायकल मोटरसायकलच्या मानाने खूपच हलकी असते, पाय थांबले की मोटर थांबते, आणि लायब्ररी ते हॉस्टेल एवढ्यासाठी ती भरपूर झाली.

रेंजचा हिशेब मी शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यात सोपा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर. ६० व्होल्ट, ३० अँपिअर-अवर म्हणजे १८०० वॅट-अवर. त्यातले १५०० वापरायला मिळतात असं धरा. स्कूटर एका किलोमीटरला साधारण ३० वॅट-अवर खाते. झाले ५० किलोमीटर. जाहिरातीत ऐंशी लिहिलं असेल तर ते टेस्टच्या रस्त्यावरचं, आपल्या रस्त्यावरचं नाही. मावशींच्या दिवसाला दोन खेपा, २८ कि.मी. म्हणजे दोन-सव्वादोन किलोवॅट-अवरची बॅटरी त्यांना पुरून उरते. मोठी बॅटरी म्हणजे जास्त वजन आणि जास्त हप्ता. खर्चाचं म्हणाल तर एका युनिटला ९ रुपये धरले तरी किलोमीटरला तीस-पस्तीस पैसे. पेट्रोलचा खर्च दोन रुपयांच्या वर जातो. सबसिडी सतत बदलत आली आहे, त्यामुळे मित्राने गेल्या वर्षी कितीला घेतली त्यावर जाऊ नका, त्या दिवसाचा भाव विचारा.

लेड ॲसिडची बॅटरी स्वस्त म्हणून गळ्यात मारतात. एवढ्याच ऊर्जेला ती पन्नास किलोच्या आसपास भरते, लिथियमची पंधरा-वीसमध्ये काम होतं. लेड ॲसिड रोज पूर्ण उतरवली तर लवकर मान टाकते. लिथियममध्ये एलएफपी आणि एनएमसी असे दोन प्रकार आहेत. एलएफपी थोडी जड, पण उष्णतेला जास्त सोशिक आणि जास्त वर्षं टिकणारी. पर्याय असेल तर नवशिक्याने ती घ्यावी. २०२२ साली गाड्या पेटण्याचे प्रकार झाले, त्यानंतर सरकारने बॅटरीचे एआयएस १५६ हे नियम कडक केले, पहिला टप्पा डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. सेकंड हँड घेणाऱ्यांनी गाडी त्याच्या आधीची की नंतरची, हे जरूर बघावं.

आणि आता रेक्टर मॅडमना आणि आपल्या सगळ्यांना लागू असलेला भाग. काढता येणारी बॅटरी खोलीत आणून, कॉटखाली ठेवून, एक्स्टेन्शन बोर्डावर रात्रभर चार्ज करणे हा प्रकार आपल्याकडे सुरू झाला आहे. कृपा करून करू नका. लिथियम बॅटरी पेटली तर विषारी धूर काही क्षणात खोली भरतो आणि सेल पुन्हा पुन्हा पेट घेतात. त्यात मित्राचा चार्जर! बाजारात दोन्ही बॅटऱ्या "४८ व्होल्ट" म्हणूनच मिळतात. पण एलएफपीच्या १६ सेलचा चार्जर ५८.४ व्होल्टपर्यंत जातो, आणि एनएमसीचे १३ सेल ५४.६ लाच भरलेले असतात. चुकून तो लावला आणि बॅटरीतलं संरक्षण सर्किट चाललं नाही, तर एका सेलवर ४.२ ऐवजी जवळजवळ ४.५ व्होल्ट येतात. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो, असं नसतं. गाडी तापलेली असेल तर अर्धा तास थांबून मगच चार्जिंगला लावा.

मावशींनी चार दुकानं फिरून, दोन गाड्या "ही उडी मारतिया" म्हणून परत करून, एक गाडी ठरवली आहे. कुठली ते त्यांनी सांगू नको म्हटलंय, कारण मग सगळे भाव विचारत बसतील. लर्निंग लायसन्स झालं. सध्या दर रविवारी वर्कशॉपच्या मागच्या मैदानावर आमच्या सीनियरच्या गाडीवर, 'एल' ची पाटी लावून, आयएसआय मार्कचं हेल्मेट घालून प्रॅक्टिस चालते. पहिला रविवार नुसतं गाडी बंद ठेवून ढकलणं, स्टँडवर चढवणं आणि उतारावर ब्रेकने थांबवणं. दुसरा रविवार इको मोडला सरळ रेषेत वीस मीटर, थांबा, परत वीस मीटर. तिसऱ्याला आठचा आकडा. मागे कुणालाही बसवायचं नाही. हायवेचा तुकडा पक्कं लायसन्स मिळाल्यावरच, आणि आधी उजेडी.

राहिला चार्जिंगचा प्रश्न. स्टाफ पार्किंगच्या शेडमध्ये चार १६ अँपिअरचे सॉकेट, प्रत्येकाला वेगळा एमसीबी, वर एक आरसीसीबी, नीट अर्थिंग आणि एक सबमीटर एवढं बसवलं तर कुणालाच बॅटरी खोलीत न्यावी लागणार नाही. वायरिंगचा नकाशा आणि साहित्याची यादी इलेक्ट्रिकलच्या दोघींनी तयार केली आहे. अर्ज मेसच्या काउंटरवर, मावशींकडेच ठेवला आहे. जेवायला जाल तेव्हा सही करा.